एक नाव, आठ दालने

ज्ञानाचा साठा कितीही मोठा असला, तरी हवी ती गोष्ट हव्या त्या वेळी हाती लागली नाही, तर त्या साठ्याचा उपयोग तो काय? आपल्या बीदर शहरात महमूद गवान याने १४७२ साली बांधलेला मदरसा पुष्कळसा पडझड झालेल्या स्थितीत आजही उभा आहे. त्या विद्यापीठात सुमारे ३,००० हस्तलिखितांचा संग्रह होता, असे इतिहासकार सांगतात. इतक्या ग्रंथांतून एक ग्रंथ काढावयाचा, तर तो कोणत्या विषयाचा व कोणत्या फडताळातला हे आधी ठाऊक असावे लागते. ग्रंथालयाचे निम्मे सामर्थ्य ग्रंथांत असते, उरलेले निम्मे त्यांच्या मांडणीत असते.

विद्यार्थी मित्रांनो, असेच एक ग्रंथालय आज संगणकाच्या पोटात मुकाट्याने बसलेले असते. शाळेतील संगणकावर लिनक्स ही प्रणाली असेल, तर बहुधा ते तुमच्या हाताशीच आहे. या प्रणालीत चित्रांवर टिचकी मारून जशी कामे होतात, तशीच टर्मिनल नावाच्या खिडकीत आज्ञा टाइप करूनही होतात. या आज्ञांची माहिती देणारी हजारो पाने संगणकातच साठविलेली असतात. त्यांना 'मॅन पेजेस' म्हणतात. 'मॅन' हे 'मॅन्युअल', म्हणजे माहितीपुस्तिका, या शब्दाचे तोकडे रूप आहे. माणसाशी त्याचा संबंध नाही. या पुस्तिकेची मांडणी कशी केली आहे, हे आम्ही या लेखात सांगणार आहो. (येथील आज्ञा आम्ही देवनागरीत लिहिल्या आहेत, संगणकावर त्या रोमन लिपीत टाइप करावयाच्या.)

प्रथम एक अडचण पाहू. 'मात्रा' म्हणजे काय, असे कोणी विचारले तर उत्तर काय द्यावे? व्याकरणाचे शिक्षक अक्षरावरील तिरप्या रेघेकडे बोट दाखवतील. छंदशास्त्र जाणणारा ऱ्हस्वाची एक आणि दीर्घाच्या दोन, असा उच्चारकालाचा हिशेब सांगेल. वैद्य म्हणेल, औषधाचे प्रमाण. तिघांचेही म्हणणे खरेच असते. चूक असलीच तर ती कोणाकडे विचारावयाचे हे न ठरविता विचारण्यात आहे. आपल्या सीमाभागात तर हा अनुभव रोजचाच. मराठीत 'हाल' म्हणजे कष्ट, कानडीत 'हालु' म्हणजे दूध. मराठीत 'पाहणी' म्हणजे निरीक्षण, पण आपल्या तालुक्याच्या कचेरीत 'पहाणी' मागितली की जमिनीचा उतारा हाती येतो. शब्द कोणत्या दालनातला, हे कळल्यावाचून त्याचा अर्थ कळत नाही.

ही अडचण जुनीच आहे आणि तिच्यावरचा उपायही जुनाच आहे. अमरसिंहाने अमरकोशात शब्द अक्षरांच्या क्रमाने लावले नाहीत. त्याने तीन कांडे केली व त्यांत वर्ग पाडले: स्वर्गवर्ग, कालवर्ग, भूमिवर्ग, वनौषधिवर्ग इत्यादी. ज्यांना अनेक अर्थ आहेत अशा शब्दांसाठी त्याने नानार्थवर्ग हा स्वतंत्र वर्ग योजला. पुढे सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राजव्यवहारकोश सिद्ध झाला. कलबुर्गी व बीदर येथे बहमनी राज्याची राजधानी असल्यापासून जे फारसी शब्द दख्खनच्या कारभारात रुजले होते, तशा शब्दांना या कोशात संस्कृत प्रतिशब्द दिले. त्याचेही दुर्ग, शस्त्र, लेखन, पण्य असे दहा वर्ग आहेत. किल्लेदाराने दुर्गवर्ग उघडावा, चिटणिसाने लेखनवर्ग उघडावा. ज्याचे जे काम, त्याचे ते दालन.

हाच विचार विसाव्या शतकात संगणकाच्या पुस्तिकेत उतरला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी 'युनिक्स' ही प्रणाली घडविली. तिच्या पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. ती कागदावर छापलेली होती आणि तिचे सात विभाग केलेले होते. पुढे आठवा विभाग वाढला. लिनक्सने युनिक्सच्या धर्तीवर हीच मांडणी स्वीकारली, आणि पन्नासहून अधिक वर्षे लोटली तरी ती थोड्याफार फरकाने टिकून आहे.

आता ही आठ दालने क्रमाने पाहू. पहिल्या विभागात सामान्य माणसाने द्यावयाच्या आज्ञा आहेत: फाइलींची यादी दाखविणे, नक्कल करणे, शब्द शोधणे. दुसरा विभाग प्रणालीच्या गाभ्याशी, म्हणजे कर्नलशी, बोलण्याच्या पद्धतींचा आहे. एखादा प्रोग्राम फाइल उघडू इच्छितो, तेव्हा त्याला कर्नलकडे रीतसर मागणी करावी लागते. त्या मागण्या येथे सांगितल्या आहेत. तिसऱ्या विभागात प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी तयार ठेवलेली साधने आहेत. वर्गमूळ काढणे किंवा मजकूर छापणे यासाठी प्रत्येकाने नव्याने खटपट करू नये, हा त्यांचा हेतू. चौथा विभाग यंत्राच्या भागांना प्रणालीत ज्या विशेष फाइलींचे रूप दिलेले असते, त्यांचा आहे. त्यांतच 'नल' नावाची एक गमतीची फाइल आहे. तिच्यात जे टाकाल ते नाहीसे होते.

पाचवा विभाग फाइलींच्या आतील रचनेचा: कोणत्या ओळीत काय लिहावे, रकाने किती, क्रम कोणता. सहावा विभाग खेळांचा आहे. १९७१ साली तो वापरणाऱ्यांनी स्वतः सांभाळलेल्या प्रोग्रामांचा होता, पण तेव्हाही त्यात फुल्लीगोळ्याचा खेळ होताच. पुढे तो विभाग खेळांचाच झाला. सातवा विभाग संकीर्ण विषयांचा, म्हणजे संकेत व सर्वसाधारण परिचय यांचा. आठवा विभाग संगणकाची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यासाठी आहे. संगणक बंद करण्याची 'शटडाउन' ही आज्ञा त्यात आढळते.

हे विभाग पाडताना दोन प्रश्न समोर ठेवलेले दिसतात. पहिला, ही वस्तू कोणत्या जातीची आहे: आज्ञा, मागणी, साधन की फाइल? दुसरा, विचारणारा कोण आहे: रोज वापरणारा, प्रोग्राम लिहिणारा की व्यवस्था पाहणारा? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतात, त्याला योग्य दालनाचा दरवाजा सापडतो.

एक उदाहरण घेऊ. 'टाइम' या एकाच नावाची तीन पाने तीन विभागांत आहेत. ती वेगळी ओळखू यावीत म्हणून नावापुढे कंसात विभागाचा अंक लिहितात. टाइम(१) ही एखादे काम पार पडण्यास किती वेळ लागला हे मोजणारी आज्ञा आहे. टाइम(२) ही कर्नलला आताची वेळ विचारणारी मागणी आहे, आणि तिचे उत्तर १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले या रूपाने येते. टाइम(७) हा संगणकातील कालगणनेचा परिचय करून देणारा लेख आहे. आमच्या 'मात्रा' या शब्दासारखीच ही गत झाली! नुसते 'मॅन टाइम' असे टाइप केले, तर संगणक आपल्या ठरलेल्या क्रमाने विभाग धुंडाळतो आणि जे पान प्रथम सापडेल ते दाखवून थांबतो; सहसा ते पहिल्या विभागातले असते. दुसरे पान पाहिजे असेल, तर 'मॅन २ टाइम' असा अंक मध्ये घालावा लागतो. पान मिटावयाचे झाल्यास 'क्यू' हे अक्षर दाबावे.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. ठरलेल्या वेळी आपोआप व्हावयाच्या कामांची यादी संगणकाला देता येते. या सोयीचे नाव 'क्रॉनटॅब'. समजा, शाळेच्या संगणकाने रोज सकाळी साडेदहा वाजता घंटेचा आवाज करावा, अशी आपली इच्छा आहे. 'मॅन क्रॉनटॅब' केले की पहिल्या विभागातले पान उघडते. त्यात यादी कशी उघडावी, कशी पाहावी, कशी पुसावी हे सांगितलेले असते. पण यादीत साडेदहा ही वेळ कशी लिहावी, हे तेथे सापडत नाही. नवशिक्या येथे निराश होतो आणि पुस्तक अपुरे आहे असे समजतो. वास्तविक ती माहिती शेजारच्या दालनात आहे. 'मॅन ५ क्रॉनटॅब' असे केले की पाच रकान्यांची रीत उलगडते: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. पहिल्यात ३०, दुसऱ्यात १० आणि उरलेल्या तिहींत ताराचिन्हे लिहिली, की रोजचे साडेदहा झाले. यादी हाताळण्याची आज्ञा पहिल्या दालनात, यादीची रचना पाचव्या दालनात, असा हा भेद आहे.

दालन कोणते हेच ठाऊक नसेल, तर? त्याचीही सोय आहे. 'मॅन' लिहून पुढे आडवी रेघ व 'के' हे अक्षर द्यावे आणि मग आपल्या विषयाचा एखादा इंग्रजी शब्द लिहावा. ज्यांच्या एका ओळीच्या परिचयात तो शब्द आला असेल, अशा सर्व पानांची नावे विभागांच्या अंकांसह समोर येतात. शिवाय प्रत्येक विभागाच्या आरंभी 'इंट्रो' नावाचे प्रास्ताविक असते. 'मॅन मॅन' असे टाइप केल्यास ही पुस्तिका स्वतःविषयीच बोलू लागते आणि विभागांची यादीही सांगते.

प्रत्येक पानाची आतील बांधणीही ठरलेली आहे. आधी नाव व एका ओळीत परिचय, मग आज्ञा लिहिण्याची रीत, मग सविस्तर वर्णन, संबंधित फाइली, आणि शेवटाकडे 'हेही पाहा' या अर्थाच्या मथळ्याखाली शेजारच्या पानांची नावे. क्रॉनटॅबच्या पहिल्या पानावर पाचव्या विभागाचा पत्ता याच मथळ्याखाली दिलेला असतो. म्हणून पान शेवटपर्यंत वाचावे. आणखी एक मथळा आम्हांस विशेष आदरणीय वाटतो. तो म्हणजे 'दोष'. आपल्या प्रोग्रामात काय उणे आहे, हे करणाऱ्यानेच त्या पानावर लिहून ठेवावयाचे, ही प्रथा १९७१ च्या आवृत्तीपासून आहे. आपले उणे आधीच सांगितल्याने वाचणाऱ्याचे श्रम वाचतात आणि सांगणाऱ्यावरील विश्वास वाढतो.

कोणी विचारील, औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातील मुलामुलींनी हे का जाणावे? आमचे उत्तर असे की, त्यांनीच ते अगत्याने जाणावे. शहरातील विद्यार्थ्याला शिकवणीचे वर्ग जवळ असतात, विचारावयास माणसे असतात. खेड्यात इंटरनेट गेले की सगळेच थांबते. ही पुस्तिका मात्र यंत्रातच असते. तिला इंटरनेट लागत नाही, फी लागत नाही, आणि कितीही वेळा विचारले तरी ती कंटाळत नाही. ती तुमचे गाव विचारीत नाही की माध्यम विचारीत नाही. ती फक्त एकच अपेक्षा करते: प्रश्न नीट विचारा.

ही पाने बहुतांशी इंग्रजीत आहेत, हा अडसर खरा आहे. परंतु त्यांतील इंग्रजी मोजक्या शब्दांचे व ठरीव वळणाचे असते. आठ विभाग व सात-आठ मथळे एकदा समजले, की अर्धी वाट सरते. जर्मन, फ्रेंच, जपानी इत्यादी भाषकांनी यांतील अनेक पाने आपापल्या भाषांत उतरविली आहेत, आणि ती बव्हंशी हौशी लोकांनी उतरविली आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमाने लिनक्सचे पाठ मराठी व कानडी या दोन्ही भाषांत उपलब्ध केले आहेत. घरी मराठी, बाजारात कानडी, शेजारी उर्दू अशा वातावरणात वाढलेल्या आपल्या मुलांना एक अर्थ दुसऱ्या भाषेत नेण्याची सवय लहानपणापासूनच असते. त्यांनी मनावर घेतले, तर मराठी पानेही का होऊ नयेत?

सातव्या विभागात 'यूटीएफ-८' नावाचे एक पान आहे. जगातील सर्व लिप्या संगणकात साठविण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, तिचे वर्णन त्यात आहे. ती रीत १९९२ साली त्याच केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासह योजली. तिच्यामुळे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते आणि आपली भाषा पडद्यावर नीट उमटते. आपली लिपी अशा रीतीने त्या ग्रंथालयात केव्हाच जाऊन पोहोचली आहे. वाचक तेवढे पोहोचावयाचे आहेत.

तात्पर्य, उत्तर शोधण्यापूर्वी ते कोणत्या दालनात असेल याचा क्षणभर विचार करावा. मी वापरणारा म्हणून विचारतो आहे, घडविणारा म्हणून की सांभाळणारा म्हणून? मला आज्ञा हवी आहे की रचना? ही सवय संगणकापुरती नाही. शब्दकोश उघडताना, ग्रंथालयात शिरताना, कचेरीत अर्ज देताना, किंबहुना शिक्षकांना शंका विचारतानाही ती कामास येते. ज्याला दालन ओळखता येते, त्याला पुढची वाट स्वतःच चालता येते.