पेणची आजी आणि सुशी

"आई, येत्या रविवारी तुला आणि आजीला मी जेवायला नेणार आहे. जपानी जेवण. नाही म्हणायचं नाही, सांगून ठेवते!"

लेकीचा फोन आला तेव्हा मी भिजवलेले वाल सोलत बसले होते. रोह्यात राहणाऱ्या बाईचा जपानी जेवणाशी संबंध येणार तरी कुठून? २००४ साली मुंबईत ताजमहाल हॉटेलात 'वासाबी बाय मोरिमोतो' हे जपानी रेस्टॉरंट सुरू झालं, मासाहारू मोरिमोतो या नामांकित शेफच्या नावाचं. त्याबद्दल वाचून मी ह्यांना म्हटलं होतं, "कच्चा मासा आणि गार भात खायला लोक एवढे पैसे मोजतात? आपल्याकडे मांजरं फुकट खातात!" आता तेच माझ्या पानात पडणार होतं.

पण मुद्दा जेवणाचा नव्हताच. आमची लेक नर्स आहे. पुण्यात नोकरी सांभाळून वर्षभर ती जपानी भाषा शिकतेय. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपानचा एक करार झाला. त्याप्रमाणे भाषेची आणि कामाची परीक्षा पास झालं की तिकडे काही ठराविक कामांसाठी जाता येतं. म्हाताऱ्या माणसांची देखभाल हे त्यातलं एक काम. एकूण पाच वर्षांपर्यंत राहायचं आणि घरच्यांना बरोबर न्यायचं नाही. "तिथे शंभरातली एकोणतीस माणसं पासष्टीच्या पुढची आहेत गं आई, करणारे हात कमी पडतात," असं ती सांगत होती. त्यावर मी एवढंच म्हटलं, "आणि इथल्या म्हाताऱ्यांचं काय?" मग दोन महिने आमच्यात 'जेवलीस का' आणि 'हो' याच्या पलीकडे बोलणं नाही. तेव्हा हे आमंत्रण म्हणजे तहाची बोलणी होती, हे मला कळत होतं.

ह्यांनी "तुम्ही तिघी जा" म्हणून अंग काढून घेतलं. मी रोह्याहून दिव्याची गाडी पकडली, आई पेणला चढली. वय वर्षं एकोणऐंशी, नऊवारी नेसलेली, पिशवीत डबा. "एवढ्या लांब जायचं, तिथलं नाही आवडलं तर?" डब्यात दहीभात!

हॉटेलचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको. दक्षिण मुंबईतलं मोठं हॉटेल, एवढं पुरे. आत पाऊल ठेवलं आणि वाटलं, आपल्या चपलांचा आवाज होतोय. आवाज कशाचाच नव्हता तिथे. मेनूकार्ड हातात आलं. मी आधी उजवीकडचे आकडे वाचले (आपण सगळ्याच वाचतो!) आणि उठायलाच निघाले. त्या दोन ओळींत आमचा महिन्याचा किराणा बसला असता. आईनं माझा हात धरला. "बस खाली. पोरीनं आणलंय ना?"

पहिल्यांदा आल्या हिरव्या शेंगा. सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, उकडून वर मीठ. त्याला म्हणे एदामामे म्हणतात. शेंग दातात धरून ओढायची, दाणे तोंडात, साल बाजूला. आईनं एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि म्हणाली, "अगं, ही तर पोपटी! नुसता भांबुर्ड्याचा पाला नाही." थंडीत शेतावर मडक्यात वालाच्या शेंगा लावायच्या, भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उलटं घालून भोवती जाळ करायचा, हे आमच्या रायगडात कुणाला सांगावं लागत नाही. त्या पांढऱ्याशुभ्र बशीत शेंगा बघून मला हसूच आलं. मग सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोचं सार आलं. वाटी तोंडाला लावून प्यायची पद्धत आहे हे ऐकून आईचा चेहरा खुलला.

चॉपस्टिक्स मात्र काही केल्या जमेनात. लेक शिकवायला लागली. "आजी, भातात या काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, मेलेल्या माणसापुढे तसा भात ठेवतात. आणि एकीच्या काडीतून दुसरीनं काडीनं घास घ्यायचा नाही. दहन झाल्यावर अस्थी तशा वेचतात."

"म्हणजे आपण पानात तीन पोळ्या एकदम वाढत नाही, तसंच," आई म्हणाली. "असूदे. माणसं विचार करून जेवतात म्हणायची."

आम्ही बसलो होतो लाकडी ओट्यापाशी. पलीकडे शेफ समोरच सुशी वळत होता. हात ओला करायचा, भात घ्यायचा, दोन-तीनदा दाबायचा, वर माशाचा काप. लेकीनं सांगितलं की सुशी मुळात मासा टिकवायची युक्ती. मिठातला मासा भातात महिनोन्महिने दाबून ठेवायचा, तो आंबायचा, मग मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा. "भात टाकून द्यायचा?" आईला ते सहनच होईना. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, शिरका घातलेल्या भातावर मासा ठेवून लगेच खायची सुशी आली. ती विकली जायची रस्त्यावरच्या टपऱ्यांवर, घाईतल्या माणसांसाठी. म्हणजे त्यांचा वडापावच की! तो आज या गालिच्यावर येऊन बसलाय.

बशीच्या कडेला हिरवा गोळा होता. आई म्हणाली, "चटणी," आणि आम्ही 'अगं अगं' म्हणेपर्यंत अख्खा तोंडात. तो वासाबी होता! डोळ्यांतून धारा, नाक लाल. पाणी पिऊन शांत झाल्यावर पहिलं वाक्य, "मोहरी फेसलीय वाटतं यात." आणि बरोबरच होतं तिचं. वासाबी आणि मोहरी एकाच कुळातल्या, नाकात जाणारा झणका तोच.

कच्चा मासा मी खाल्ला का? खाल्ला. वास नाही, मऊ, जरासा गोडसर. तरी मैत्रिणींनो, बाजारातला मासा आणून घरी हा प्रयोग करू नका. कच्च्या माशात जंत असू शकतात, म्हणून तो उणे वीस अंशांच्या थंडीत सात दिवस गोठवून ठेवायचा नियम असतो. आपल्या फ्रिजचं ते काम नाही. आईनं मात्र "आमच्या जिताड्याची सर नाही" म्हणून निकाल दिला. खारेपाटातल्या तळ्यांतला जिताडा म्हणजे आमच्याकडे जावयाचा मान. त्यावर लेक म्हणाली, "आजी, जिताड्याचा भाऊ आहे तिथे, आकामे. म्हणजे लाल डोळ्यांचा. १९८४ पर्यंत शास्त्रज्ञ दोघांना एकच समजत होते." किती तयारी करून आली होती पोरगी!

पण आईचं लक्ष माशाकडे नव्हतं, शेफच्या बोटांकडे होतं. सगळे घास एका मापाचे आणि वजनकाटा कुठे नाही. आमच्या आईनं चाळीस वर्षं पेणमध्ये पोह्याचे पापड आणि मिरगुंडं केली, दुसऱ्यांसाठी, किलोच्या हिशेबानं. तेलाचं बोट लावून तोडलेली तिची एकेक लाटी तोलली तर गुंजभराचा फरक नसायचा. त्यावर माझं शिक्षण झालं आणि नातीच्या नर्सिंगच्या फीचाही काही भाग. आता बोटं वाकडी झालीत, सकाळी मूठ मिटत नाही. "हात बसलाय याचा," ती म्हणाली. "विचार त्याला, किती वर्षं लागली?"

लेकीनं विचारलं. तो दार्जिलिंगकडचा मुलगा, हसून म्हणाला, पहिली दोन वर्षं फक्त तांदूळ धुतले. आणि पुढे म्हणाला, "आज पहिल्यांदा कोणी विचारलं." मग त्यानं आईसमोर दोन्ही हातांनी एक घास ठेवला आणि हातानं खाल्लं तरी चालतं, असं सांगितलं. सुशी हातानं खातात, हे आधी सांगायचं नाही का!

बिल लेकीनं दिलं. मी बघितलं नाही, म्हणजे बघितलं, पण बोलले नाही. तिथून गेटवेला आलो. मांडव्याच्या लाँचा सुटत होत्या. आई कठड्याला टेकून बघत होती, पलीकडे आपला रायगड. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू विचारलंस ना, इथल्या म्हाताऱ्यांचं काय? तर इथली म्हातारी मी. मला विचारलंस का?"

मी काय बोलणार? लेक समुद्राकडे तोंड करून रडत होती. पिशवीतला दहीभात आम्ही तिघींनी तिथेच संपवला.

लेकीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मला अजून रात्री झोप लागत नाही, हे खोटं कशाला सांगू? परवा पेणला गेले तर आई चुलीपुढे मिरगुंडं तळत होती, हातात झाऱ्याऐवजी हॉटेलातून आणलेल्या त्या दोन काड्या. मिरगुंड उलटतही होती झकास. म्हणाली, "तळायला बऱ्या आहेत गं या. पण हाताला आच लागते. तिला म्हणावं, येताना लांब दांड्याच्या आण."