हिमालयातील तुती आणि मधुमेह
रेशीमकिड्यांना बहुधा पांढऱ्या तुतीचा पाला घालतात. तिची रानटी बहीण ‘मोरस सेराटा’, म्हणजे कीमू, उत्तराखंड-हिमाचलच्या डोंगरांत वाढते. पांढऱ्या तुतीत गुणसूत्रे सहसा २८, हिच्यात ८४. थंडी सोसणाऱ्या वाणांसाठी हा जनुकीय ठेवा मोलाचा. पण चारा-लाकडासाठी तोड होते. तुतीचे वाण होसूरच्या केंद्रात जपले जातात.

तुतीच्या पानांतील डीएनजे हा घटक आतड्यात पिष्टमय पदार्थ व साखरेचे पचन मंदावतो. मिग्लिटॉल हे मधुमेहाचे औषध याच रेणूवरून घडले. तरीही पानांची पावडर औषधाची जागा घेत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. ही पावडर घेताना रक्तातील साखर घसरली, तर ग्लुकोज पावडरच घ्या. साधी साखर उशिरा लागू पडते.