एकच गुलाब, वेगळे हात

चामड्यावर नक्षी उठवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक खेळ फार लोकप्रिय आहे. सगळ्यांना एकच आकृती द्यायची. समजा, एक रानगुलाब, दोन पानं आणि त्यांना वेढून जाणारा गोल देठ. कागदावरच्या रेषा सगळ्यांना सारख्या, चामडंही साधारण एकाच जाडीचं. ठरलेल्या दिवसापर्यंत प्रत्येकाने आपापल्या घरी, आपापल्या हत्यारांनी ते फूल उठवायचं आणि मग सगळे तुकडे एका टेबलावर मांडायचे. मांडल्यावर जे दिसतं ते पाहून नवखा माणूस चक्रावतो. एकाचा गुलाब भरलेला, जाड पाकळ्यांचा. दुसऱ्याचा कोवळा, कडा जेमतेम उचललेल्या. तिसऱ्याने मागची जमीन इतकी खोल दाबलेली असते की फूल वरून चिकटवल्यासारखं वाटतं. मूळ रेषा एकच होती यावर विश्वास बसत नाही. मुरलेली माणसं तर मागे लिहिलेलं नाव न वाचता कुठला तुकडा कोणाचा ते ओळखतात.

या फरकाचं मूळ त्या चामड्यात आहे. लाकडात किंवा दगडात कोरताना नको असलेला भाग काढून टाकतात. इथे एक कणही निघत नाही. फुलाच्या बाहेरची बाजू दाबली जाते, म्हणून फूल वर आलेलं दिसतं. दाबलेलं चामडं वाळल्यावर तसंच राहतं आणि नीट जपलं तर कित्येक दशकं तसंच राहतं. पण हा गुण सगळ्या चामड्यात नसतो. झाडाच्या साली, फळं, पानं यांतल्या टॅनिनने कमावलेल्या चामड्यातच तो असतो. टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेनच्या तंतूंना धरून ठेवतं, तरी त्या तंतूंना पाणी प्यायची मुभा राहते. ओलं झालं की हे चामडं दाबेल तसं दबतं आणि वाळताना तोच आकार धरून बसतं. १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने क्रोमियमच्या क्षारांनी चामडं कमावण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. महिनोन्महिन्यांचं काम त्यामुळे काही दिवसांवर आलं. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचंच असतं. ते मऊ आणि टिकाऊ खरं, पण त्यावर ठसा मारला की थोड्या वेळाने ते पुन्हा फुगून सपाट होतं. नक्षीकामाला ते निरुपयोगी. म्हणून हौशी माणसं सेंट लुईसच्या १८८१ सालच्या हर्मन ओक टॅनरीचं नाव आदराने घेतात आणि तिथल्या चामड्यासाठी खिसा हलका करतात.

आपल्याकडे टॅनिनचं हे रसायन नवं नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलं जातं. तरवडाची सालही दक्षिणेत याच कामासाठी वापरत आले आहेत. एके काळी भारतातला हिरडा जहाजं भरून युरोपातल्या टॅनऱ्यांकडे जात असे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. नक्षीला लागणारं चामडं आणि हात दोन्ही आपल्याकडे होते. मात्र चामड्याला हात लावणं इथे जातीला चिकटलेलं होतं. ज्यांच्या हाती कसब होतं त्यांच्या वाट्याला हेटाळणी आली आणि बाकीच्यांनी ते काम हौस म्हणूनही कधी हाती घेतलं नाही. संध्याकाळी ऑफिसातून आलेला कारकून स्वयंपाकघरातल्या टेबलावर चामडं ठोकत बसलाय हे चित्र अमेरिकेत सहज जमलं, आपल्याकडे नाही, याचं कारण दुसरीकडे शोधण्यात अर्थ नाही.

आता एक पाकळी जवळून पाहू. चामडं आधी भिजवतात, मग थोडं सुकू देतात. पुष्कळ जण रात्रभर ते पिशवीत गुंडाळून ठेवतात, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. वरचा रंग परत मूळच्या फिकट रंगाकडे वळू लागला, पण गालाला लावल्यावर गारवा अजून जाणवतोय, की काम सुरू करायचं. जास्त ओलं असेल तर ठसा चिखलात रुतल्यासारखा पडतो. फार कोरडं असेल तर सुरी अडखळते आणि दाबलेल्या जागी तो गडद तपकिरी उजाळा येत नाही, ज्यासाठी सगळा खटाटोप करायचा. चामडं ग्रॅनाइटच्या लादीवर ठेवतात, कारण खालची जागा दबली तर ठशाचा जोर वाया जातो.

कापायची सुरी वेगळीच असते. तिला स्विव्हल नाइफ म्हणतात. वरच्या खोबणीत तर्जनी टेकवायची, अंगठा आणि मधल्या बोटाने दांडा फिरवायचा आणि सुरी स्वतःकडे ओढत आणायची. पातं वळणावर बोटांतच फिरतं. जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत काप जातो, त्याहून खोल नाही. पातं मधूनमधून पॉलिश लावलेल्या चामडी पट्टीवर घासून गुळगुळीत ठेवावं लागतं, नाहीतर ते ओढ खातं. मग येतो बेव्हलर, म्हणजे तिरक्या तोंडाचा ठसा. कापाच्या बाहेरच्या बाजूला तो टेकवून मोगरीने ठोकत ठोकत पुढे सरकवायचा, प्रत्येक ठोक्याला ठशाच्या निम्म्या रुंदीइतकाच. सरकवणं एकसारखं झालं नाही की कडेला पायऱ्या दिसू लागतात. या पायऱ्या म्हणजे नवशिक्याची सही. परीक्षकाची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. त्यानंतर पेअर शेडरने पाकळीच्या पोटात खळगी पाडायची, शिरांचा ठसा पानावर, बियांचा बारीक ठसा फुलाच्या मध्यावर, आणि शेवटी मागची जमीन दाबून काढायची.

तरीही फूल पूर्ण होत नाही. सगळ्यात शेवटी सुरीने पाकळ्यांवर मोकळे काप द्यायचे असतात. सुरुवातीला खोल, मग वळत वळत पातळ होत शून्यात जाणारे. यांना आखलेली रेषा नसते. एकदा दिलेला काप मागे घेता येत नाही आणि आधीचे कित्येक तास त्या एका फराट्याने वाया जाऊ शकतात. वर सांगितलेल्या खेळात माणूस ओळखू येतो तो बहुतेक याच कापांवरून.

सोपं काम सगळ्यांना सारखं जमेल. अवघड कामात हात उघडा पडतो. त्यामुळे या खेळाचे नाना प्रकार निघाले आहेत. कधी ठशांवर मर्यादा येते: सुरी, एक बेव्हलर आणि आणखी एखादा ठसा, एवढ्यातच काय ते करा. कधी फक्त उरलेसुरले तुकडे वापरायचे. कधी दहा सेंटिमीटरचे गोल तुकडे, म्हणजे पेल्याखाली ठेवायच्या चकत्या. जितके भागीदार तितक्या चकत्या एकाने करायच्या आणि अदलाबदल झाली की प्रत्येकाच्या घरी सगळ्यांच्या हातची एकेक चकती जमते. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. त्यात हरायला कोणी उरतच नाही, आणि दुसऱ्याचं काम हातात घेऊन, उलटंपालटं करून, उजेडात तिरकं धरून बघता येतं. फोटोत पायऱ्या लपतात, हातात धरलेल्या चकतीत लपत नाहीत.

ही हौस आकाशातून पडलेली नाही. तिचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला आहे आणि जन्मकथा अजब आहे. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला १९१९ पासून हिंकली-टँडी ही कंपनी चांभारांना लागणारं सामान विकत असे. युद्धात बुटांच्या चामड्यावर रेशनिंग आलं आणि धंदा धोक्यात आला. मालकाचा मुलगा चार्ल्स टँडी तेव्हा नौदलात हवाईला होता. जखमी सैनिकांना रुग्णालयात वेळ घालवायला आणि हात चालते ठेवायला चामड्याचं काम देतात, हे त्याने पाहिलं. यात धंदा आहे असं त्याने वडिलांना पत्राने कळवलं. युद्ध संपल्यावर पाकिटं आणि पट्टे करायला शिकलेले हजारो जवान घरी परतले आणि त्यांना सामान हवं होतं. १९५० मध्ये कंपनीने एल पासो आणि सॅन अँटोनियो इथे फक्त चामडेकामाच्या हौशी लोकांसाठी दुकानं उघडली. पुढे याच टँडी कंपनीने १९६३ मध्ये रेडिओशॅक ही बुडत आलेली कंपनी घेतली आणि १९७७ मध्ये टीआरएस-८० हा घरगुती संगणक बाजारात आणला. चामड्याच्या ठशांपासून संगणकापर्यंतची एवढी उडी दुसऱ्या कुठल्या कंपनीने मारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

सामान मिळालं, पण शिकवणार कोण? खोगीर बनवणारे जुने कारागीर तोंड उघडत नसत. आपले नमुने कुलपात आणि ठसे स्वतः घासून बनवलेले, बहुधा जुन्या खिळ्यांतून. ही कोंडी फोडणाऱ्यांत अल स्टोलमन या माणसाचं नाव पहिलं घ्यावं लागेल. १९१९ साली जन्मलेल्या स्टोलमनने १९५२ मध्ये चामड्यावर कोरायचं कसं हे दाखवणारं पुस्तक काढलं आणि मग पुढची चार दशकं पत्नी अ‍ॅनसोबत तो लिहीत आणि काढत राहिला. त्याच्या पुस्तकांत ठसा किती अंशांत धरायचा, मोगरी कुठे पडायला हवी, काय बिघडलं तर का बिघडलं, हे चित्रांसकट असतं. या पुस्तकांवर पोसलेली पिढीच पुढे गिल्ड, म्हणजे चामडेकाम करणाऱ्यांच्या संघटना, चालवू लागली. स्टोलमन दांपत्याच्या नावाने पुढे एक पुरस्कार सुरू झाला. तो देताना कारागिरी बघतातच, पण त्या माणसाने दुसऱ्यांना किती शिकवलं याचाही विचार होतो.

व्यावसायिकांकडूनही दार उघडलं गेलं आणि ते वायोमिंगमध्ये. बिगहॉर्न पर्वताच्या पायथ्याशी शेरिडन नावाचं जेमतेम १८-१९ हजार वस्तीचं गाव आहे. तिथे डॉन किंग (१९२३–२००७) हा खोगीरकार राहत असे. त्याच्या आधी कॅलिफोर्नियात होणाऱ्या कामात फुलं मोठी आणि मोकळी असत. किंगने ती लहान केली, दाट केली आणि देठ असे वळवले की एक वर्तुळ दुसऱ्यात गुंतत जातं. रानगुलाब हे त्या शैलीचं ओळखीचं फूल. आज तिला जगभर शेरिडन शैली म्हणतात. किंगच्या हाताखाली आणि आसपास अनेक जण तयार झाले, आणि शेरिडनमध्ये नमुने लपवण्यापेक्षा दाखवण्याची रीत पडली. ओलसर नक्षीवर कागद ठेवून ठोकून घेतलेले ठसे एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाऊ लागले. १९८४ मध्ये राणी एलिझाबेथ शेरिडनला आली तेव्हा किंगच्या दुकानात पायधूळ झाडून गेली. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीने त्याला लोककलांसाठीची राष्ट्रीय वारसा फेलोशिप दिली.

आता दर मे महिन्यात शेरिडनमध्ये चामडेकामाचा मोठा मेळा भरतो. दिवसभराच्या शिकवण्या, हत्यारांची दुकानं, आणि ‘वर्ल्ड लेदर डेब्यू’ नावाची स्पर्धा. याखेरीज वेगवेगळ्या गावांतल्या गिल्डांचा महासंघ आहे. त्याचं प्रदर्शन दरवर्षी वेगळं गिल्ड भरवतं आणि नवख्यांना नवख्यांच्याच गटात ठेवलं जातं, म्हणजे दोन वर्षं ठोकणाऱ्याची गाठ तीस वर्षं ठोकणाऱ्याशी पडत नाही. पारितोषिकं आहेत, नाराजीही होते, होणारच. पण प्रदर्शनात खरी गर्दी कधीकधी पहिल्या क्रमांकाच्या कामाभोवती नसून त्या कामाच्या मालकाभोवती असते. तो आपली पिशवी उघडतो, ज्या ठशाने ते केलं तो काढून दाखवतो आणि समोरच्याच्या हातात देऊन म्हणतो, मारून बघ. स्पर्धकाला हत्यार देणं इथे विशेष समजलं जात नाही.

याच सवयीने ही कला समुद्रापलीकडे गेली. गोरो ताकाहाशी (१९३९–२०१३) हा जपानी कारागीर शाळकरी वयात हायामाच्या किनाऱ्यावर सुटी घालवत असताना तिथल्या एका अमेरिकन सैनिकाकडून चामडं कोरायला शिकला. त्या सैनिकाने मायदेशी जाताना आपली हत्यारं या पोराला देऊन टाकली, असं सांगतात. पुढे टोकियोतल्या हाराजुकूमध्ये गोरोचं दुकान असं गाजलं की आत शिरायला रांगा लागत. त्याच्यानंतर जपानमध्ये हौशी आणि व्यावसायिक दोन्ही वाढले. शेरिडन शैलीचं अत्यंत बारीक, दाट काम आता तिकडेही होतं आणि जपानी नावं अमेरिकेतल्या निकालांत नेहमी दिसतात. अमेरिकन शिक्षक शिबिरं घ्यायला जपानला जातात आणि तिथून येताना जपानी ठसे घेऊन येतात. हे ठसे निकेल किंवा क्रोमचा मुलामा दिलेले असले तर उत्तम, कारण उघडं लोखंड ओल्या चामड्याला लागलं की टॅनिनशी त्याची प्रक्रिया होऊन निळसर काळा डाग पडतो.