आकाशाची छत्री आणि तिचे भोक

पावसाळ्यात छत्रीला भोक पडले, तर आपण लगेच ठिगळ लावून घेतो. पण साऱ्या पृथ्वीच्या छत्रीलाच भोक पडले तर? ही छत्री म्हणजे ओझोन वायूचा थर. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर तो विरळ पसरलेला आहे. हा सगळा वायू खाली आणून जमिनीवर पसरला, तर त्याची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर भरेल! पण सूर्याचे घातक अतिनील किरण तोच अडवतो. हे किरण वाढले की मोतीबिंदू आणि त्वचेचा कॅन्सर वाढतो, पिकांनाही इजा होते.

दक्षिण ध्रुवाजवळील हॅली या ठाण्यावर ब्रिटिश शास्त्रज्ञ १९५७ पासून या थराची नोंद ठेवत होते. १९८५ साली जो फार्मन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जगाला सांगितले, की दर ऑक्टोबरात येथील ओझोन पूर्वीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने घटला आहे.

ऑक्टोबरातच का? तेथील हिवाळा म्हणजे कित्येक आठवड्यांचा अंधार. हवा इतकी गोठते की उंचावर बर्फाचे ढग तयार होतात. फ्रीज व स्प्रेच्या डब्यांतून सुटलेल्या सीएफसी वायूंमधील क्लोरीन या ढगांवर मोकळे होण्याच्या तयारीत असते. ऑगस्ट-सप्टेंबरात सूर्य उगवला, की ते ओझोनवर तुटून पडते. डिसेंबरच्या सुमारास बाहेरची हवा आत येते आणि भोक पुन्हा बुजते. वाचकहो, आपल्याकडे मात्र हा थर ऋतूंप्रमाणे फारसा बदलत नाही.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे राष्ट्रांनी सीएफसी कमी करण्याचा करार केला. तेव्हा गरीब देशांनी रास्त सवाल केला : वायू सोडले श्रीमंतांनी, मग नव्या यंत्रांचा खर्च आम्ही का सोसायचा? म्हणून १९९० साली लंडनच्या बैठकीत श्रीमंत देशांच्या पैशातून निधी उभारण्याचे ठरले. १९९२ साली भारतही करारात सामील झाला. आज जगातील सर्व देश त्यात आहेत. २०१० पर्यंत सीएफसीचे उत्पादन जवळजवळ थांबले.

तरी भोक एका वर्षी लहान, तर दुसऱ्या वर्षी मोठे दिसते. २००६ साली ते फार मोठे होते, २०१९ साली लहान. हा त्या-त्या वर्षीच्या थंडीचा खेळ असतो. म्हणून एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये. शिवाय काही सीएफसी वायू शंभर वर्षे हवेत टिकतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालानुसार, करार नीट पाळला गेला तर बहुतेक जगावरचा थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. दक्षिण ध्रुवावर मात्र २०६६ साल उजाडेल.

आज पाचवीत शिकणारे आपले मूल तेव्हा पन्नाशीत असेल. त्याला ही गोष्ट जरूर सांगा. आणि घरचा जुना फ्रीज मोडीत काढताना त्यातील गॅस हवेत सोडू देऊ नका, कारागिराला तो टाकीत भरून घ्यायला सांगा.