विश्लेषण : प्रोजेक्टरचे चित्र फिके का दिसते? ‘ब्राइटनेस’ वाढवूनही उपयोग का होत नाही?

घाटावर बुलढाणा-चिखलीत असो की घाटाखाली खामगाव-मलकापुरात, छोटा प्रोजेक्टर आता मोबाइलवरून मागवला की घरपोच येतो. खोक्यावर ‘९००० लुमेन’, ‘४के सपोर्ट’ असे मोठे आकडे असतात. भिंतीवर चित्र मात्र धुरकट उमटते. मग रिमोटवर ब्राइटनेस १००, शार्पनेस १००, मोड ‘व्हिव्हिड’. चित्र आणखी बिघडते आणि प्रोजेक्टर परत करण्याची मुदत संपत आलेली असते. नवा प्रोजेक्टर घेण्याआधी नेमके काय तपासावे?

खोक्यावरचे लुमेन खरे किती?

नुसते ‘लुमेन’ नव्हे, ‘अ‍ॅन्सी लुमेन’ हा आकडा शोधावा. तो प्रत्यक्ष पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून काढतात. नुसत्या ‘लुमेन’च्या आकड्याला असे बंधन नसते, हजारोंचा दावा करणाऱ्या स्वस्त यंत्राचा अ‍ॅन्सी आकडा दोन-तीनशेच निघू शकतो. ‘४के सपोर्ट’चेही तसेच. यंत्र ४के व्हिडीओ स्वीकारते, एवढाच त्याचा अर्थ. दाखवते किती, हे ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ सांगते. ते १२८० बाय ७२० असेल तर चित्र तेवढेच.

आता थोडे गणित. १०० इंची चित्र म्हणजे सव्वासात फूट रुंद, चार फूट उंच, जवळपास ३० चौरस फूट. २०० अ‍ॅन्सी लुमेनचा उजेड त्यावर पसरला, तर चौरस फुटाला ७ लुमेनही पडत नाहीत. डिजिटल सिनेमागृहांच्या मानकात काळोख्या सभागृहातही हे प्रमाण सुमारे १४ धरतात. तोच प्रोजेक्टर पुढे सरकवून चित्र ७० इंचांवर आणले की क्षेत्रफळ निम्मे होते आणि उजेड १४ च्या जवळ पोहोचतो. मेनूतले कोणतेही बटण एवढा फरक पाडत नाही. शंभर इंचांचा हट्ट सोडणे जिवावर येते, हे मान्य. पण पाहुण्यांसमोर ७० इंची स्वच्छ चित्रच शोभते.

मग अंधार किती हवा?

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे भिंतीचा तो भाग, जिथे उजेड पडला नाही. खोलीत ट्यूबलाइट चालू असेल तर काळा करडाच दिसणार. जत्रेतल्या तंबू थिएटरचे खेळ दिवस मावळल्यावर सुरू होत, ते याचसाठी. गच्चीवर आयपीएल बघायचे असेल तर साडेसातचा सामना जमतो, दुपारी साडेतीनचा नाही.

भिंतीचा रंगही बघा. चुन्यात नीळ घातली असेल तर चित्रावर निळी छटा येते, पिवळसर डिस्टेंपर असेल तर गोरे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात. सपाट, पांढरी, चमक नसलेली भिंत उत्तम.

सेटिंग कोणत्या क्रमाने करावे?

आधी पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडा. ‘व्हिव्हिड’ आणि ‘डायनॅमिक’ दुकानाच्या झगमगाटासाठी ठीक. घरी त्यात रंग भडक आणि पांढरा निळसर होतो.

नंतर ब्राइटनेस. नावावर जाऊ नका, या बटणाने दिव्याचा उजेड सहसा वाढत नाही, चित्रातल्या काळ्याची पातळी वर-खाली होते. म्हणूनच ते १०० वर नेले की सारे धुरकट होते. रात्रीचे दृश्य थांबवून ठेवा. काळ्या केसांच्या बटा दिसेनाशा होईपर्यंत ब्राइटनेस खाली आणा, मग त्या जेमतेम दिसतील इतकाच वाढवा. कॉन्ट्रास्ट पांढऱ्याची पातळी ठरवतो. त्यासाठी कसोटी सामना चांगला: खेळाडूच्या पांढऱ्या शर्टाच्या घड्या दिसेनाशा झाल्या, तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे. हे झाल्यावर ब्राइटनेस पुन्हा एकदा बघा, कारण दोन्ही एकमेकांवर परिणाम करतात.

काळा तरीही करडाच? मग ‘एचडीएमआय रेंज’ तपासा. सेट-टॉप बॉक्स साधारणपणे १६ ते २३५ या मर्यादेत चित्र पाठवतो, लॅपटॉप अनेकदा ० ते २५५. दोन्हीकडची निवड जुळली नाही, तर कितीही बटणे फिरवली तरी काळा गडद होत नाही, किंवा उलट सावल्यांतले सगळे गिळले जाते.

कलर टेंपरेचर ‘कूल’वरून ‘वॉर्म’वर आणा. व्हिडीओचे मानक ६५०० केल्विनच्या आसपास आहे आणि ‘वॉर्म’ बहुधा त्याच्या जवळ असतो. पहिले दहा मिनिटे चित्र पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात. रंग ठरवताना माणसाचा चेहरा आणि मैदानातले गवत बघा. शार्पनेस कमीच बरा. बातम्यांच्या पट्टीतल्या अक्षरांभोवती पांढरी कड दिसली की तो जास्त झालाय. आणि फोनने फोटो काढून निर्णय घेऊ नका. कॅमेरा उजेड व रंग स्वतःच बदलतो.

चित्र तिरके असेल तर?

‘कीस्टोन’ वापरण्याआधी यंत्रच भिंतीसमोर सरळ ठेवा. कीस्टोन तिरके चित्र सरळ करताना काही पिक्सेल वाया घालवते आणि अक्षरे भुरकट होतात. स्वस्त यंत्रात तापल्यावर भिंगाचा फोकस हलू शकतो, म्हणून १५-२० मिनिटांनी तो पुन्हा लावा.

उन्हाळ्यात काय काळजी?

बहुतेक पुस्तिकांत खोलीच्या तापमानाची मर्यादा ३५ ते ४० अंश दिलेली असते. मे महिन्यात खामगाव-शेगावचा पारा सहज त्यापुढे जातो. यंत्र तापले की काही मॉडेल उजेड कमी करतात, काही थेट बंद पडतात. भिंतीपासून व कपाटातून मोकळे ठेवा, जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढा, कूलरच्या ओल्या झोतात ठेवू नका. मेनूत ‘हाय अल्टिट्यूड’ दिसले तर बंदच असू द्या. ते साधारण १५०० मीटरच्या वरच्या गावांसाठी असते. बुलढाणा घाटावर असले, तरी इतके उंच नाही. पंख्याचा आवाज तेवढा वाढेल.