इन्सुलिनसाठी नौकेवरचा फ्रीज

वैशाखात कलबुर्गीचा पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि नेमकी त्याच वेळी वीज जाते. इन्सुलिनच्या बंद कुपीला २ ते ८ अंश सेल्सिअस एवढाच गारवा मानवतो. गोठली तरी ती निकामी. म्हणून ट्रस्टच्या दवाखान्याने फ्रीज निवडताना दिवसेंदिवस समुद्रात राहणाऱ्या शिडाच्या नौकांकडे पाहावे. तेथे लहान फ्रीज १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. पुष्कळदा तो पेटीसारखा, वरून उघडणारा असतो. थंड हवा जड असल्यामुळे समोरचे दार उघडताच खाली सांडते. पेटीत ती राहते.

आता हिशेब पाहू. ४० वॅटचा कॉम्प्रेसर साधारण ३.३ अँपिअर प्रवाह घेतो. तो निम्मा वेळ चालला, तर दिवसाला ४० अँपिअर-तास लागतात. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करू नये. तेव्हा एका दिवसासाठीच ८० ची हवी. फ्रीज स्वस्त वाटतो तो बॅटरीची किंमत न धरल्यामुळे! तार जाड व आखूड असावी, नाहीतर वाटेतच दाब घटतो. पेटीभोवती हवा खेळती ठेवावी, आत थर्मामीटर हवाच.

घरी वापरात असलेल्या कुपीला एवढा थाट नको. ओल्या वाळूच्या माठात ठेवलेले कोरडे भांडे पुरते. आपल्याकडील कोरड्या उन्हाळी हवेत ते चांगले निवते; पावसाळी दमट हवेत तितके नाही.