प्राणवायूवाचून स्फोट



जळत्या मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घालण्याचा प्रयोग आपण सर्वांनीच शाळेत पाहिला आहे. ज्योत विझते, आणि ‘ज्वलनास प्राणवायू लागतो’ हे वाक्य वहीत व मनात कायमचे जाऊन बसते. म्हणूनच मला विद्यार्थी वारंवार विचारतात, अवकाशात हवा नाही, मग तेथे स्फोट कसा व्हावा?

वहीतले वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. प्राणवायू हवेतूनच मिळाला पाहिजे, असा निसर्गाचा आग्रह नाही. बंदुकीच्या दारूत कोळसा, गंधक आणि सोरा असतो. त्यात सोरा शेकडा सुमारे ७५ भाग. या सोऱ्याच्या वजनापैकी जवळजवळ निम्मे वजन प्राणवायूचेच! दारू आपली शिदोरी बरोबर घेऊन निघते. म्हणून तर ती बंदुकीच्या बंद नळीतही पेटते. हे निव्वळ पुस्तकी ज्ञान नव्हे. दिवाळीत पेटलेल्या सुतळी बॉम्बवर डबा पालथा घालणारी मुले मी पाहिली आहेत. डबा हवा अडवील, पण दारूला हवा हवी आहे कोठे? फुटतो तो डबाच, आणि त्याचे पत्रे कोणाच्या डोळ्यांत जातील याचा नेम नसतो.

याहून नवलाची गोष्ट शिसे ॲझाइडची. या संयुगात शिसे आणि नायट्रोजन एवढीच मूलद्रव्ये; प्राणवायूचा एक अणूही नाही. तरी हलक्याशा आघाताने ते फुटते, आणि म्हणूनच स्फोटकांना चेतविणाऱ्या डिटोनेटरमध्ये ते वापरतात. त्यातील नायट्रोजनचे अणू अवघडलेल्या स्थितीत बांधलेले असतात. ते सुटून दोन-दोनच्या घट्ट जोड्या बनल्या, की मोठी ऊर्जा मोकळी होते. येथे काही जळतच नाही. वाफेचा बॉयलर फुटतो तेव्हा तर रासायनिक क्रियाही लागत नाही. कोंडलेला दाब पुरतो. थोडक्यात, कोंडलेली ऊर्जा क्षणार्धात मोकळी होणे म्हणजे स्फोट. ज्वलन हा त्याचा केवळ एक मार्ग.

आता अवकाशाकडे वळू. २२ ऑक्टोबर २००१ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३ या अग्निबाणाने तीन उपग्रह कक्षेत सोडले. कामगिरी फत्ते झाली. मात्र अग्निबाणाचा रिकामा झालेला चौथा टप्पा कक्षेतच फिरत राहिला, आणि १९ डिसेंबरला तो फुटला. तीनशेहून अधिक तुकडे नोंदले गेले. अशा टप्प्यांत इंधन आणि त्यास जाळणारे द्रव्य अशी दोन्ही बरोबर असतात. या टप्प्यातील द्रव्ये तर एकमेकांस नुसती भेटली तरी पेट घेणारी होती.

पृथ्वीवर स्फोटाचा घात पुष्कळसा हवेच्या धक्क्याने होतो. निर्वातात तो धक्का नाही, आवाजही नाही. पण तुकड्यांना अडविणारी हवाही नाही! सेकंदास सात किलोमीटरहून अधिक वेगाने फिरणारा लहानसा खिळाही उपग्रहास निकामी करू शकतो, आणि असे तुकडे वर्षानुवर्षे फिरत राहतात. म्हणूनच त्या घटनेनंतर इस्रोने, काम संपलेल्या टप्प्यातील उरलेली द्रव्ये व दाब बाहेर सोडून देण्याची पद्धत अवलंबिली.